आचाऱ्याचा आचार्य होतो तेव्हा

‘सर, मला ओपन सोर्समध्ये कॉन्ट्रिब्यूट करायचं आहे. प्लीज गाइड करा.’

असे मेसेज मला महिन्यातून आठ-दहा तरी येतात. मी सर नाही. पण गिटहबवर माझं टोपणनाव आहे आणि फोटोच्या जागी आमच्या सोसायटीतलं मांजर, त्यामुळे समोरचा मला सर धरूनच चालतो. दुसऱ्या मेसेजला मी मॅडम होते. बोलणं मराठीत सुरू झालं की ताई. ताई झाल्यावर दोघांनाही जरा हायसं वाटतं.

मी पुण्यात एका कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात पायथनमधली एक छोटी लायब्ररी सांभाळते. देवनागरी मजकूर शोधता यावा म्हणून तो आधी नीटनेटका करून देणं, एवढंच तिचं काम. आम्ही दोघं मेंटेनर आहोत. दुसरा बंगळुरूचा माझा मित्र, ज्याला मराठी येत नाही पण युनिकोड माझ्यापेक्षा जास्त कळतो. मेंटेनर म्हणजे हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी समजा. पगार नाही, मीटिंगला कुणी येत नाही, आणि पाण्याची मोटर बिघडली की सगळ्यांना तुमचा नंबर पाठ असतो.

मेसेज करणारी मुलं बहुतेक इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची असतात. कुणी सीनियरने सांगितलेलं असतं की ओपन सोर्स केलं की प्लेसमेंटला उपयोग होतो. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे, त्यात निवड झाली की पैसेही मिळतात आणि नावही होतं. मला या कारणांत काही गैर वाटत नाही. ‘रिझ्युमेसाठी करू नका, आवडीसाठी करा’ असं सांगणारे लोक मी पाहिलेत. त्यांची स्वतःची नोकरी पक्की असते. ज्या कॉलेजच्या कॅम्पसवर वर्षाला तीनच कंपन्या येतात, तिथल्या मुलीने आवड आणि गरज यांची वेगवेगळी खाती ठेवावीत अशी अपेक्षा मी करू शकत नाही. मीही तशाच कॉलेजातून आले.

अडचण कारणाची नसते, सुरुवात कशी करायला शिकवलं जातं त्याची असते. २०२४ च्या सुरुवातीला एक्सप्रेस या जावास्क्रिप्टच्या प्रसिद्ध प्रकल्पावर पुल रिक्वेस्टचा पाऊस पडला. पुल रिक्वेस्ट म्हणजे ‘मी तुमच्या कोडमध्ये हा बदल सुचवतो, घ्या’ असा अर्ज. या अर्जांमध्ये बदल काय होता? रीडमी फाइलमध्ये स्वतःचं नाव. आपल्याकडे भरपूर पाहिल्या गेलेल्या एका व्हिडिओत पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची हे दाखवताना उदाहरण म्हणून एक्सप्रेसची रिपॉझिटरी वापरली होती, आणि मुलांनी व्हिडिओत दिसलं तसंच्या तसं केलं. त्याआधी २०२० मध्ये हॅक्टोबरफेस्टचं असंच झालं होतं. डिजिटलओशनने २०१४ पासून चालवलेला हा ऑक्टोबरचा उपक्रम. तेव्हा चार पुल रिक्वेस्ट पाठवल्या की टी-शर्ट मिळायचा. टी-शर्टसाठी लोकांनी कुठे स्वल्पविराम घातले, कुठे ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ असं लिहून पाठवलं. मेंटेनर इतके वैतागले की त्याच महिन्यात नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांना यात यायचं आहे त्यांनी तसं आधी सांगावं.

एक्सप्रेसच्या वेळी भारतीय मुलांवर जे विनोद झाले ते मी वाचले. काही विनोद चांगले होते, हे नाकारत नाही. पण त्या मुलांना कुणीतरी फक्त बटण दाखवलं होतं. बटण दाबल्यावर पलीकडे एका माणसाच्या फोनवर नोटिफिकेशन जातं आणि तो माणूस बहुधा रात्री जेवण झाल्यावर फुकट काम करत बसलेला असतो, हे सांगितलं नव्हतं.

म्हणून ‘गाइड करा’ म्हणणाऱ्याला मी आधी एकच प्रश्न विचारते: तुझ्या कामात किंवा अभ्यासात तू कुठलं ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतोस, आणि त्यात तुला काय खटकतं? दहातल्या आठांचं उत्तर येत नाही. नववा म्हणतो, ‘काहीपण चालेल, बिगिनर फ्रेंडली द्या.’

मागच्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यातल्या एका मुलाचा मेसेज आला. त्यात गाइड हा शब्द नव्हता. ‘नमस्कार. तुमच्या लायब्ररीला कुऱ्हाडे सापडत नाहीत.’

त्याच्या वडिलांचं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खतं, फवारणीची औषधं; आणि अर्थातच उधारी. पोराने सुट्टीत उधारीची वही मोबाइलवर आणली होती. जुनी नावं कुणीतरी पूर्वी कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवलेली, नवी नावं वडील फोनवर टाइप करणार. नाव शोधायला त्याने आमची लायब्ररी घेतली. आणि एका कुऱ्हाडेंची दोन खाती झाली, कारण वडिलांनी फोनवर टाइप केलेले कुऱ्हाडे जुन्या यादीतल्या कुऱ्हाडेंशी जुळेनात. एका खात्यावर ४,३०० रुपये, दुसऱ्यावर १,१५०. कुऱ्हाडे ४,३०० देऊन मोकळे झाले आणि दुकानदाराने आणखी मागितल्यावर तणतणले. गावात हे साधं प्रकरण नसतं.

घोळ काय होता ते सांगते, कारण मला स्वतःला तो फार आवडतो. ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘गोऱ्हे’ या शब्दांत जो आडव्या शेपटीचा अर्धा र आहे, त्याला इंग्रजीत पापणीचा र म्हणतात. कॉम्प्युटरमध्ये तो दोन तऱ्हांनी साठवता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त जोडायचा. युनिकोडच्या तक्त्यात हा टिंबवाला ऱ दक्षिणेकडच्या भाषांतला र लिहिण्यासाठी आहे, आणि त्याचं अर्धं रूप आपल्या कामी येतं. दोन, साधा र, मग हलन्त, आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अक्षर ज्याला रुंदीच नाही, दिसतच नाही. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. म्हणून इथे शेजारी शेजारी छापून दाखवण्यात अर्थ नाही, तुम्हाला एकच शब्द दोनदा दिसेल. पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडची सामान्यीकरणाची ठरलेली पद्धतही त्यांना एक मानत नाही.

मी त्याला म्हटलं, हे तू गिटहबवर इश्यू म्हणून लिही.

‘तुम्हीच टाका ना ताई माझ्या वतीने.’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय. खासगीत ही मुलं मुद्द्याचं बोलतात, चारचौघांत लिहायचं म्हटलं की अंग चोरतात. यात त्यांचा काही दोष नाही. वर्गात हात वर करून ‘कळलं नाही’ म्हणणाऱ्याचं आपल्याकडे काय होतं ते आपण सगळे जाणतो. व्हायवामध्ये तर माहीत नसलं तरी काहीतरी बोलत राहायचं असतं. ओपन सोर्सचा सगळा कारभार नेमका उलटा चालतो. तुम्हाला काय कळलं नाही, कुठे अडलं, काय करून पाहिलं, हे उघड्यावर, कायमचं, अनोळखी लोकांसमोर लिहायचं. शिवाय इंग्रजीत. गिटची कमांड पाठ करायला दोन तास लागतात, या गोष्टीला काही महिने लागतात, आणि कुठल्याही ट्युटोरियलमध्ये ती नसते.

दोन दिवसांनी त्याने मसुदा पाठवला. इंग्रजीत, चार परिच्छेद, चॅटबॉटने लिहून दिलेला. सुरुवातीला आमच्या अथक परिश्रमांचं कौतुक, मग बहुभाषिक जगात देवनागरीचं महत्त्व. कुऱ्हाडे कुठेच नव्हते. मी कळवलं, तू मला पहिल्या मेसेजमध्ये जे लिहिलंस ना, तेच लिही. मराठीत लिही. काय टाइप केलं, काय यायला हवं होतं, काय आलं. बास.

‘मराठीत चालतं?’

लायब्ररी मराठीसाठी आहे, म्हटलं, न चालायला काय झालं? तरी बंगळुरूच्या मित्राला विचारून घेतलं. तो म्हणाला, भाषांतर करून वाचेन, पण उदाहरणात अक्षरांचे कोड क्रमांक दे म्हणावं, ते मला कुठल्याही भाषेत कळतात.

इश्यू मराठीत आला आणि एक अनपेक्षित गोष्ट घडली. काठमांडूच्या एकाने खाली लिहिलं. त्याला मराठी येत नव्हती, पण देवनागरी असल्याने गोष्ट कशाबद्दल आहे ते उमगलं होतं. नेपाळीतही हा पापणीचा र आहे, ‘केलं’ या अर्थाच्या ‘गर्‍यो’ या शब्दात तो येतो, आणि ते लोक तो जॉइनर वापरूनच लिहितात. तेव्हा सगळं मराठीसारखं करून टाकू नका, असं त्याचं म्हणणं. मुद्दा एकदम रास्त होता. इंग्रजीत शीर्षक असतं तर त्याने तो इश्यू उघडला असता का, कोण जाणे.

मी त्या इश्यूवर ‘नवख्यांसाठी योग्य’ असं लेबल लावलं आणि खाली लिहिलं की ज्याने शोधलं तोच दुरुस्त करतोय. तरी तीन तासांत दोन पुल रिक्वेस्ट आल्या. दोन्ही अनोळखी खात्यांवरून, दोन्ही एआयने लिहिलेल्या हे दिसत होतं. त्यातली एक चालत होती. तेव्हाच्या सगळ्या चाचण्या हिरव्या.

मित्र म्हणाला, मर्ज कर. एका वाचनालयाची सूची बनवणारी मुलगी आमची लायब्ररी वापरते, तिला गोऱ्हे आडनावाच्या लेखिका सापडत नव्हत्या, ती दोनदा विचारून गेली होती. दुरुस्ती समोर आहे, वापरणारे थांबलेत, आणि आपण लातूरच्या मुलाचा लॅपटॉप सुरू व्हायची वाट बघतोय. ‘ही शाळा आहे की सॉफ्टवेअर?’ त्याने विचारलं.

प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. मी त्या चालणाऱ्या पुल रिक्वेस्टच्या मालकाला एक साधी शंका विचारली: तू जॉइनर काढून टाकतोयस, तो दुसऱ्या कुठल्या शब्दात अर्थ बदलत नाही कशावरून? मिनिटभरात पाच मुद्द्यांचं उत्तर आलं, सुबक, आणि शंकेला स्पर्शही न करणारं. तिथे माझं ठरलं. कर्ल सांभाळणारे स्वीडनचे डॅनियल स्टेनबर्ग गेली काही वर्षं एआयने बनवलेल्या बनावट सुरक्षा-तक्रारींबद्दल जाहीरपणे लिहिताहेत. त्यांच्या वैतागाचा एक छोटासा तुकडा त्या दिवशी माझ्या वाट्याला आला. कोड कुणी लिहिला याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही, मीही एआय वापरते. पण सहा महिन्यांनी यात काही मोडलं तर उत्तर द्यायला कोण असेल, याच्याशी आहे. सूचीवाल्या मुलीला मी चार ओळींचा तात्पुरता उपाय पाठवला आणि दोन्ही पुल रिक्वेस्ट आभार मानून बंद केल्या. मित्राने थम्स-अप दिला नाही, पण उघडल्याही नाहीत.

आता लातूर. चार जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, दिवसाचा डेटा संपला की काम बंद, आणि दुकानात गर्दी असली की दुपारी वडिलांना मदत. पहिले पाच दिवस नुसतं सगळं इन्स्टॉल होण्यात गेले. हे ‘सेटअप’ नावाचं प्रकरण नवख्यांना सगळ्यात जास्त गळायला लावतं, असा माझा अनुभव आहे. तिथे एकही ओळ लिहिलेली नसते, पण ‘आपल्याला जमत नाही’ हे वाटायला ते पुरतं. मी त्याला म्हटलं, जिथे जिथे अडशील तिथली एरर जशीच्या तशी जपून ठेव. त्यातून पुढे आमच्या सूचनांच्या पानात विंडोजसाठी अर्धं पान वाढलं. ते त्याचं पहिलं योगदान, खरं तर. दुरुस्तीच्या आधीचं.

मग पुल रिक्वेस्ट आली. त्याने तीन ओळी बदलल्या होत्या आणि गिट म्हणत होतं ६४० ओळी बदलल्या. विंडोज ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, लिनक्स एक; त्याच्या एडिटरने सगळी फाइल बदलून टाकली होती. जुन्या लोकांना यात हसायला येतं. त्याला वाटलं आपण प्रोजेक्ट मोडला. रात्री साडेअकराला फोन. ‘ताई, डिलीट करू का सगळं?’ मी म्हटलं, काही मोडत नाही रे, मोडायची परवानगीच तुझ्याकडे नाही. जोवर मी मर्ज करत नाही तोवर ती नुसती चिठ्ठी आहे. ही गोष्ट आधीच सांगायला हवी असते, आता मी सगळ्यांना सांगते.

आणि त्या तीन ओळींत काय होतं? एआयवाल्याने केलं होतं तेच: जॉइनर काढून टाका. सुचणारा पहिला उपाय तोच आहे.

मला उत्तर माहीत होतं. टाइप करायला दोन मिनिटं लागली असती. नवख्याला मार्गदर्शन करताना सगळ्यात जड जातं ते हेच, स्वतःची दोन मिनिटं वाचवण्याचा मोह आवरणं. मी फक्त एक चाचणी लिहून पाठवली, दोन वाक्यांची: ‘आचाऱ्याला हजार रुपये दिले’ आणि ‘आचार्याला हजार रुपये दिले’. खाली लिहिलं, ही दोन वाक्यं तुझ्या कोडमधून काढून बघ.

तीन दिवस काही नाही. मेंटेनर लोकांना ही शांतता ओळखीची असते. निम्म्याहून जास्त मुलं अशाच एखाद्या कमेंटनंतर दिसत नाहीशी होतात. रागावून जातात असं नाही, कुणाची परीक्षा, कुणाचा संकोच, कुणाला वाटतं आपलं नापसंत पडलं. मी पुन्हा एक मेसेज टाकावा का याचा विचार करत होते. चौथ्या रात्री उत्तर आलं.

‘ताई, आचाऱ्याचा आचार्य झाला.’

जॉइनर काढला की मागे उरतो र, हलन्त आणि य. त्याचा होतो रफार. स्वयंपाक करणारा माणूस थेट विद्वान होतो, दऱ्यांचा दर्या होतो, आणि कुऱ्हाडे तर कुणाशीच जुळत नाहीत. म्हणजे जॉइनर काढायचा नाही. र, हलन्त आणि जॉइनर हे तीन मिळून जिथे येतात तिथे टिंबवाला ऱ आणि हलन्त ठेवायचा. हे त्याचं त्याने शोधलं. काठमांडूवाल्याचा मुद्दाही त्याने सोडवला: मूळ मजकुराला हात न लावता फक्त शोधण्यासाठी बनवलेल्या प्रतीत बदल करायचा, म्हणजे नेपाळी लेखकाला त्याचा मजकूर जसाच्या तसा परत मिळतो. ही कल्पना मला आधी सुचली नव्हती. मित्राने ती वाचली आणि पहिल्यांदा त्याला थेट उद्देशून कमेंट टाकली: चांगलं आहे, दोन चाचण्या वाढव.

इश्यू ते मर्ज, एकोणीस दिवस. एआयच्या तीन तासांसमोर हा आकडा बरा दिसत नाही.

या हिशोबात मला एक भीतीही धरावी लागते. २०२४ च्या मार्चमध्ये एक्सझी नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या फाइल आवळायच्या साधनात लपवलेला चोरदरवाजा सापडला. सापडला तोही योगायोगाने. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून. तो दरवाजा बसवणारा बाहेरून घुसलेला नव्हता. दोन-तीन वर्षं सभ्यपणे, मेहनतीने पॅच पाठवत विश्वास मिळवलेला एक मदतनीस होता. आणि मूळ मेंटेनर एकटा, थकलेला. ‘काम जमत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असं त्याला वेगवेगळ्या नावांनी टोचलं जात होतं. हे वाचल्यापासून गोड बोलणाऱ्या अतिउत्साही नवख्याकडे मी दोनदा बघते. पण दार बंद केलं तर मी आणि बंगळुरूचा मित्र, दोघंच उरतो, आणि त्याला मागच्या वर्षी मुलगी झाली आहे. एकट्या थकलेल्या मेंटेनरची गोष्ट कुठे जाते ते एक्सझीने दाखवलंच आहे. त्यामुळे लोक हवेत, आणि हळूहळू हवेत. कुऱ्हाडे, आचारी, ६४० ओळी, रात्री साडेअकराचा फोन, यातून मला माणूस थोडा तरी कळतो.

मर्ज झाल्याचं मुलाने घरी सांगितलं. वडिलांनी विचारलं, पैसे किती मिळाले? नाही म्हटल्यावर ते म्हणाले, मग त्या कंपनीला काय फायदा? कंपनी नाही म्हटल्यावर त्यांनी विषय सोडला. कुऱ्हाडेंची दोन खाती मात्र आता एक आहेत. १,१५० खरंच बाकी होते की ४,३०० मध्येच धरलेले होते, हे सॉफ्टवेअरला सांगता येणार नव्हतं. त्यासाठी जुनी कागदी वही काढावी लागली. ते ४,३०० मध्येच होते.

मुलगा त्यानंतर एकदाच येऊन गेला, एका इश्यूवर कुणाला तरी विंडोजची अडचण सांगायला. मी वेळ दिलेल्यांपैकी आजवर दोघंच टिकलेत. तो तिसरा होईल का, माहीत नाही. शेवटचं वर्ष आहे, प्लेसमेंट आहे. रिझ्युमेवर त्याने ती पुल रिक्वेस्ट टाकली आहे. टाकावीच.

पुढचा इश्यू ॲ चा आहे. युनिकोडने हे अक्षर २००८ मध्ये स्वतंत्रपणे घेतलं. त्याआधी लोक अ टाइप करून त्यावर चंद्र ठेवायचे, अजूनही कित्येक ठेवतात. दिसायला तेच, यंत्राला वेगळं, म्हणजे ‘ॲम्ब्युलन्स’ शोधली तर निम्म्या सापडत नाहीत. चंद्रपूरच्या एका मुलीने हे घेऊ का असं विचारलंय, इश्यूखालीच, मराठीत. तिला म्हटलं, आधी तुझ्या फोनवर आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर दोन्हीकडे तो शब्द टाइप कर आणि काय काय साठवलं जातंय ते इथे लिही. चार दिवस झाले. सेमिस्टर चालू आहे.